उलटी उडी: हुशारी की चीटिंग?

हिवरखेडवरून बोलतोय. बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, गेममध्ये असं उलटं उड्या मारत पळणं म्हणजे चीटिंगच ना?"

'सुपर मारिओ ६४' घ्या. १९९६ चा गेम. लांब उडी वेग दीडपट करते. पुढं जाताना त्या वेगाला मर्यादा आहे, मागं जाताना मात्र ठेवलेलीच नाही. म्हणून जिन्यावर पाठ वरच्या बाजूला करायची, लांब उडी मारून स्टिक मागं ओढायची. पायरीवर मारिओ लगेच टेकतो. टेकला की पुन्हा बटण. वेग दीडपट, सव्वादोनपट... काही क्षणांत गडी बंद दारातून आरपार! एरवी ७० स्टारशिवाय न संपणारा जिनाही असाच संपतो.

१९९७ च्या जपानी आवृत्तीत निन्टेंडोनं ही पळवाट बुजवली. स्पीडरनर मंडळींनी जुन्या आवृत्तीसाठी गट पाडले: १६ स्टारमध्ये ही उडी चालते, ७० स्टारमध्ये बंद.

माझ्या मते, नियम आधी ठरला आणि सगळ्यांना सारखा असला, की डाव खरा. दोन प्रयत्नांचे व्हिडिओ जोडून एकच रन म्हणून दाखवणं, ही खरी चीटिंग. तेव्हा रात्र-रात्र एकच जिना घोटणाऱ्या पोराला 'चीटर' म्हणण्याआधी एवढंच विचारा: गट कोणता, भाऊ?