प्रश्न बाविसाव्या दिवसाचा

पशुसंवर्धनाच्या कामानिमित्त माझे खेडोपाडी फिरणे होते. महिला बचत गटाच्या बैठकीत कोंबड्यांचा विषय निघाला, की एखादी ताई हमखास विचारते, "साहेब, खुडूकच बसवत राहू, की गटाच्या पैशातून मशीन घेऊ?" मशीन म्हणजे अंडी उबवणी यंत्र. प्रश्न साधा वाटतो; पण त्यामागे गटाची साठवलेली पुंजी असते. शिवाय अंडी-कोंबड्यांचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातात राहणारा पैसा. तेव्हा उत्तर जपूनच द्यावे लागते.

आधी खुडूक कोंबडी काय करते ते पाहू. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून झाली, की पिसे फुलवून जागा धरून बसते. तिच्या पोटाखालची पिसे गळतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्यांना लागते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरवते, त्यामुळे आतला जीव कवचाला चिकटत नाही. दाणापाण्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे उठते; तेवढ्यात अंडी जराशी निवतात, पण त्याने बिघडत काही नाही. टोपलीत राख, वर भाताचा पेंढा, दहा-बारा ताजी अंडी आणि शांत, अंधारा कोपरा, एवढे दिले की २१व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

यंत्रात हीच कामे आपण करतो. कल्पना जुनीच आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. आज पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता ठेवावी लागते. पहिले १८ दिवस हवेत साधारण ५५ ते ६० टक्के ओलावा, पुढचे तीन दिवस त्याहून जास्त. अंडी १८व्या दिवसापर्यंत फिरवायची, मग हात लावायचा नाही. वीज गेली तर यंत्र उघडून पाहू नये, वरून घोंगडी टाकावी. तासाभराने फार नुकसान होत नाही. खरा धोका उष्णता वाढण्याचा. ती ४० अंशांच्या वर राहिली, तर आतली पिल्ले दगावतात.

यंत्राचे फायदेही खरे आहेत. कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहावी लागत नाही. अंड्यावर आणि नंतर पिल्लांत गुंतलेली कोंबडी दोन-तीन महिने अंडी देत नाही. ते दिवस वाचतात. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित कोंबड्या तर खुडूक अशा फारशा बसतच नाहीत. मात्र अंडी फलित हवीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा आणि अंडी आठवड्याच्या आतली हवीत. दुकानातली फार्मची अंडी यंत्रात ठेवून काही उपयोग नाही, कारण तिथे कोंबडाच नसतो.

इथपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच वाटतील. फरक पडतो तो बाविसाव्या दिवशी. यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई नसते. त्याला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची. म्हणजे महिनाभर रात्रंदिवस बल्ब, कोरडे तूस, स्वच्छ पाणी आणि पिल्लांचे खाद्य. कोंबडी हे सारे पंखाखाली फुकट देते. उकरायला शिकवते, घारीची सावली दिसताच इशारा देते. यंत्र घेताना हा महिनाभराचा खर्च फार थोडे लोक मांडतात.

पण कोंबडीवर सोडले म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. पिल्ले घार, मुंगूस, मांजर नेतात. उरलेली राणीखेत रोगाने जातात. दहा पिल्ले निघाली आणि हाती तीन लागली, हे दुखणे ओळखीचे आहे. हे नुकसान यंत्र आणून थांबत नाही. पहिले महिनाभर डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात पिल्ले राखली आणि पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात पडला, तर पुष्कळ पिल्ले वाचतात.

इथे गटाचा खरा उपयोग आहे. लसीची बाटली शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि ती एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. एका घरच्या आठ पिल्लांसाठी ती कोण फोडणार? म्हणून वस्तीतल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी पाहा. ज्यांत शिरांचे जाळे दिसत नाही ती बाजूला काढा आणि चांगली अंडी कमी कोंबड्यांखाली एकत्र करा. रिकाम्या झालेल्या कोंबड्या मोकळ्या सोडल्या, की पुन्हा अंड्यावर येतात.

यंत्र आणि कोंबडी यांची सांगडही घालता येते. खुडूक कोंबडीची स्वतःची पिल्ले निघत असतील, त्या रात्री यंत्रातली एका दिवसाची पिल्ले तिच्या पंखाखाली सरकवावीत. सकाळी बहुतेक कोंबड्या ती आपलीच मानतात. मात्र तिच्या पंखात मावतील एवढीच द्यावीत.

तेव्हा माझे उत्तर असे : दर महिन्याला शे-दीडशे पिल्लांना गिऱ्हाईक असेल, वीज बऱ्यापैकी टिकत असेल आणि रात्री उठून पिल्ले पाहणारे माणूस असेल, तर यंत्र जरूर घ्या. पाच-दहा कोंबड्यांचे घर असेल, तर गटाचा पैसा आधी डालगी, जाळी आणि लस यांत घाला. मशीनची किंमत विचारायला जाण्याआधी एवढे ठरवा, की निघालेली पिल्ले दुसऱ्या दिवशी ठेवायची कुठे आणि त्यांच्याकडे पाहणार कोण?