एक वही आणि अनेक हात



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी विचारले, की कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाविषयी काय बोलावे? शंका रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकाशीच अधिक झाले. परंतु ज्या गोष्टीवर कामगाराची हजेरी, रजा आणि पगार ठरतो, ती समजून घेणे हे आमचे कामच आहे. ‘सिस्टीममध्ये तसे दाखवत नाही’ हे वाक्य कामगार टाइम ऑफिसात ऐकतो. आपणही ते कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकले असेलच. ही सिस्टीम म्हणजे काय, आणि तिच्यात चूक झाली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

पूर्वी कारखान्यात प्रत्येक खात्याची वही वेगळी असे. स्टोअर्सची वेगळी, खरेदीची वेगळी, टाइम ऑफिसचे मस्टर वेगळे आणि हिशेबाची खतावणी वेगळी. महिनाअखेरीस या साऱ्यांचा मेळ घालताना कारकुनांच्या नाकी नऊ येत. शंभर सायकली करावयाच्या तर दोनशे चाके केव्हा मागवावी, हा हिशेब १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कारखाने संगणकावर करू लागले. १९७२ साली जर्मनीत, आय.बी.एम. सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही कंपनी काढली. पुढे माल, खरेदी, विक्री, हिशेब आणि पगार हे सारे एकाच व्यवस्थेत आले, आणि १९९० च्या सुमारास तिला ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’, म्हणजे ई.आर.पी., हे नाव मिळाले. फाटकातून पत्र्याची गाडी आत आली, की नोंद एकदाच करावयाची; त्याच नोंदीने शिल्लक वाढते, पुरवठादाराचे देणे दिसू लागते आणि उत्पादनाच्या आखणीलाही खबर पोचते. साऱ्या वह्यांची एक वही झाली.

ही वही वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. वह्या दोन असल्या म्हणजे एक दाखवावयाची आणि एक खरी, ही सोय असते, आणि तिचा फायदा कामगाराला कधीच झालेला नाही. ओव्हरटाइमचा तास नोंदीत आला तर तो सहजासहजी नाकारता येत नाही. पण वही एक झाली, की चूकही एकाच जागी राहत नाही. पूर्वी मस्टरमधली चूक मस्टरपुरती असे, आणि पगारकारकुनाला ती माणूस ओळखून सुधारता येई. आता तीच चूक पगारात, रजेत आणि फंडात एका क्षणात उतरते. आणि समोर बसलेला कारकून म्हणतो, ‘मला यात हात घालता येत नाही.’

याचा मोठा दाखला कॅनडा देशाने दिला आहे. तेथील केंद्र सरकारने आपल्या सुमारे २,९०,००० नोकरांच्या पगारासाठी ‘फिनिक्स’ नावाची व्यवस्था २०१६ साली सुरू केली. याच कुळातले तयार सॉफ्टवेअर घेऊन ती उभारली होती. वर्षाला सात कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता. ४६ खात्यांतील पगार पाहणाऱ्यांच्या १,२०० जागा रद्द केल्या आणि मिरामिशी नावाच्या एका गावी ५५० माणसांचे केंद्र उघडले. कोण रात्रपाळीला आहे, कोण वरच्या जागेवर हंगामी काम करतो, हे त्या १,२०० जणांना आपापल्या खात्यात पाहून ठाऊक होते. ते ज्ञान कोणी यंत्रात भरले नव्हते. ते माणसांबरोबर निघून गेले. खर्च मंजूर रकमेत बसेना म्हणून ९८४ कामांपैकी शंभरांवर कामे यंत्रातून वगळली किंवा पुढे ढकलली. त्यात मागील तारखेपासून लागू होणारी पगारवाढही होती. आधी लहान प्रमाणावर चाचणी घ्यावयाची, तीही रद्द केली.

परिणाम काय झाला? कोणाला पगारच नाही, कोणाला कमी, तर कोणाला जास्त. आणि जास्त आलेला परत मागितला जाई. तेथील महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटले. २०२० मध्ये तेथील मोठ्या कर्मचारी संघटनेने आपल्या सभासदांसाठी प्रत्येकी २,५०० डॉलरपर्यंत भरपाई मिळवली. पण घराचा हप्ता चुकला त्या महिन्याची झोप कोणती भरपाई परत आणणार?

यावरून यंत्र नको असा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यंत्रीकरणाविषयी करार केला, तो यंत्र कसे आणि किती यावे हे बोलून ठरवण्यासाठी. कपात होण्याचा संभव असेल असा कामाच्या पद्धतीतील बदल करताना मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तत्त्व जुनेच आहे : ज्याच्या पोटावर परिणाम होणार, त्याला आधी विचारावे.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, जे हात रोज नोंद करतात, त्या स्टोअरकीपरला, टाइमकीपरला आणि पगारकारकुनाला व्यवस्था आखतानाच बोलवावे. दुसरी, नवी वही खरी ठरेपर्यंत जुनी बंद करू नये; दोन-तीन पगार दोन्हीकडे काढून ताडून पाहावे. तिसरी आणि मुख्य, प्रत्येक ठिकाणी एक नावानिशी जबाबदार माणूस असावा, ज्याला चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असेल, आणि वाद मिटेपर्यंत कामगाराचा पगार अडकू नये.

तिसऱ्या मागणीला विरोध सर्वांत जास्त होतो. ‘मग शिस्त कशी राहील?’ असे विचारतात. आमचे उत्तर असे, की दुरुस्ती कोणी केली, केव्हा केली आणि का केली, हे तीच वही नोंदवून ठेवू शकते. शिस्त राखणे यंत्राला जमते. पण समोरचा माणूस खरे बोलतो आहे की नाही, हे ऐकून घेण्यास माणूसच लागतो. त्या खिडकीत असा माणूस बसलेला असावा, हा आग्रह कामगाराने धरावा तसा आपण नागरिकांनीही धरावा.