कूपरेजची आठवण आणि आठवणीचा मालक



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. आपल्या या मुलखाचा खेळ हुतूतू. फार तर क्रिकेट. फुटबॉल हा गोवेकरांचा, बंगाल्यांचा, कोल्हापूरच्या पेठांचा खेळ. मग वाशिष्ठीच्या मुखाशी बसलेल्या या गावात तो विषय कशाला? याचे उत्तर असे की, मला आज खेळाविषयी थोडे आणि खेळाच्या चाहत्यांविषयी अधिक बोलायचे आहे. पोटासाठी मुंबईला गेलेला आणि तिथल्या एखाद्या गोष्टीवर जीव टाकून बसलेला माणूस आपल्या कोकणात घरटी एक तरी सापडतो. त्या माणसाची ही गोष्ट आहे.

मुंबईत ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला कूपरेज नावाचे मैदान आहे. पिंपे बनविणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात. अठराव्या शतकात त्या भागात गलबतांवर लागणारी पिंपे तयार करण्याचे कारखाने होते, म्हणून हे नाव. पिंपे गेली, कारागीर गेले, नाव उरले. मुंबईतल्या फुटबॉलचे घर म्हणजे हे मैदान. जुना फुटबॉलशौकीन भेटला आणि त्याच्यापुढे कूपरेज हा शब्द नुसता उच्चारला, तरी आपण गप्प बसावे. पुढचा तासभर तोच बोलणार.

तो काय बोलतो? प्रथम रोव्हर्स चषकाविषयी बोलतो. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, आणि पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला. त्यानंतर कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती. १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण डरहॅमच्या पलटणीपुढे हरला. पुढे १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला आणि पलटणींची मिरास मोडली. १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने तो कलकत्त्याला नेला. स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या पोलीस संघाने जे केले ते आजही खोटे वाटावे असे आहे. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे त्यांनी चषक दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिला नाही. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्याच शिकवणीखाली भारताने १९५१ आणि १९६२ या दोन्ही साली आशियाई सुवर्णपदक मिळविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हैदराबादचे पोलीस, मोहन बागान, मोहमेडन स्पोर्टिंग हे सारे बाहेरचे संघ. पण मुंबई हे शहरच मुळी बाहेरच्यांचे! त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक संघाला तिथे आपली माणसे मिळत. बंगाली कारकून बागानसाठी येत. गोव्याचा संघ आला की धोबीतलावच्या कुडी रिकाम्या होत. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालविलेली उतरण्याची जागा. बोटीवर नोकरी करणारे खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे पेट्या ठेवून राहत. आपल्याकडच्या लोकांना हे निराळे समजावून सांगायला नको. गिरणगावात आपल्याही गावांच्या खोल्या होत्याच, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-वीस माणसे होती. अशा माणसाला रविवारी दोन तास ‘आपले’ म्हणायला काहीतरी लागते. आपल्या पोरांनी ते हुतूतूच्या मैदानात शोधले, गोवेकरांनी कूपरेजवर शोधले. भूक एकच.

आता मुंबईच्या स्वतःच्या संघांकडे येऊ, कारण खरी दुखरी जागा तिथे आहे. या संघांची नावे पाहा : टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया. ही पेठांची नावे नाहीत, तालमींची नाहीत, ही कंपन्यांची नावे आहेत. कंपनीने खेळाडूला नोकरी द्यायची, आणि त्याने कंपनीसाठी खेळायचे, अशी ती व्यवस्था. तिला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. मैदानावर जिंकलेल्या ढालीने घरची चूल पेटत नाही. महिनाअखेर ठरलेला पगार मिळतो म्हणून खेळाडूच्या घरचे लोक त्याला खेळू देतात.

या व्यवस्थेतून जो सर्वांत मोठा खेळाडू निघाला तो नेव्हिल डिसोझा. १९३२ साली गोव्यातल्या आसगाव येथे जन्म, आणि सारी कारकीर्द मुंबईत, टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबरला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन गोलांनी हरविले. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध आपण हरलो, पण आधी गोल केला तो आपणच, आणि तोही नेव्हिलने. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्या चौथ्या स्थानाच्या वर भारत आजपर्यंत गेलेला नाही. दोन वर्षांनी, १९५८ साली, कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. त्याच सुमाराला गोलरक्षक एस. एस. नारायण मुंबईत होते, ते १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिक संघांत होते. १९६२ च्या सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले फॉर्च्युनाटो फ्रँको हे टाटांचे.

म्हातारे प्रेक्षक ही नावे घेतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. तरुण मंडळी हसतात आणि म्हणतात, आजोबांना सारे जुने तेवढे सोने. तरुणांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ज्या काळाचा एवढा गौरव होतो त्या काळात, १९४८ साली, आपले बहुतेक खेळाडू लंडनला अनवाणी खेळले, आणि मिळालेले दोन्ही पेनल्टीचे फटके वाया घालवून फ्रान्सकडून हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले. आठवणीच्या पेटीत हे दहा गोल कोणी ठेवीत नाही. ज्यांना वाटते की पूर्वीचा खेळ आजच्याहून वेगवान होता, त्यांनी खुशाल तसे मानावे. मला ते पटत नाही.

पण मी जेव्हा या वृद्धांचे बोलणे लक्ष देऊन ऐकू लागलो, तेव्हा एक गोष्ट दिसली. ते गोलांविषयी फार बोलतच नाहीत. ते बोलतात ते अशा गोष्टी : अमका खेळाडू आमच्याच खात्यात होता, सकाळी आमच्याच लोकलने यायचा, सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात तोंड लपवून बसला, मग आम्हीच त्याला चहा पाजला. ज्याच्यासाठी काल घसा फोडला तो आज शेजारच्या टेबलावर जमाखर्च लिहितो आहे! खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात हाताच्या अंतराचे नाते होते, आणि हे नाते त्यांच्या कल्पनेतले नाही. ते कंपनीच्या हजेरीपटावर होते. आज काचा चढविलेल्या मोटारीतून येणाऱ्या खेळाडूशी ते जडणार नाही, मग तो कितीही चांगला खेळो. म्हाताऱ्यांची हळहळ याची आहे, आणि ती खरी आहे.

मात्र ज्या हजेरीपटाने हे नाते दिले त्यानेच ते तोडले. कंपनी आहे तोवर संघ. बर्मा शेल १९७६ साली सरकारने घेतली, तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. कॅलटेक्सही त्याच वर्षी सरकारकडे आली आणि १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याचे काय झाले हे या सभेतल्या कित्येकांच्या घरांना माहीत आहे. जिथे गिरणीच उरली नाही तिथे गिरणीचा संघ कुठून उरणार? रोव्हर्स चषकही गेला; २०००-०१ च्या हंगामात मोहन बागानने तो जिंकला आणि त्यानंतर स्पर्धाच भरली नाही.

सर्वांत चटका लावणारी हकीकत महिंद्रची. १९६२ साली निघालेला हा संघ, २००० पासून महिंद्र युनायटेड या नावाने खेळू लागला. २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक, आणि २००५-०६ साली डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद, म्हणजे देशातला पहिला क्रमांक. आणि २०१० साली कंपनीने संघ बंद केला. देशात पहिला आलेला संघ चार वर्षांत नाहीसा! कंपनीची काही चूक झाली असे मी म्हणत नाही. पैसा तिचा, निर्णय तिचा. कंपनीचे दार एके दिवशी बंद होते म्हणजे काय होते, हे अंजनवेलच्या लोकांना दुसऱ्याने सांगायला नकोच. २००१ साली आपल्या डोळ्यांदेखत हा वीजप्रकल्प बंद पडला, आणि २००६ साली नव्या कंपनीच्या हाती पुन्हा सुरू झाला. प्रकल्प निदान पुन्हा सुरू होतो, विखुरलेला संघ होत नाही. मुंबई एफ. सी. हा २००७ साली निघालेला संघही २०१७ साली मिटला. आता मुंबई सिटी हा संघ आहे, २०२०-२१ साली त्याने देशातली मुख्य लीग जिंकली. पण तो खेळतो अंधेरीला, आणि कूपरेजच्या म्हाताऱ्यांना तो पाहुणा वाटतो.

क्रिकेटच्या चाहत्यांचे दुःख यामानाने सोपे. १९७५ साली कसोटी सामने ब्रेबोर्नवरून पलीकडे वानखेडेवर गेले, तेव्हा पुष्कळांनी सुस्कारे टाकले. पण मुंबईचा संघ होता तिथेच होता, ब्रेबोर्नही जागच्या जागी उभे राहिले, आणि २००९ साली एक कसोटी पुन्हा तिथे झाली.

या संदर्भात विलायतेतली एक हकीकत सांगतो. लंडनच्या विम्बल्डन उपनगराचा एक फुटबॉल संघ होता. १९८८ साली त्याने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून तिथला सर्वांत मानाचा चषक जिंकला होता. १९९१ साली त्याने आपले प्लाऊ लेन हे जुने मैदान सोडले आणि दुसऱ्याच्या मैदानावर तो बिऱ्हाडकरूसारखा राहू लागला. २००२ साली मालकांना संघ सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स या गावी हलविण्याची परवानगी मिळाली. कागदोपत्री चाहत्यांचा कसलाच हक्क नव्हता. मग त्यांनी काय केले? वर्गणी काढून त्याच वर्षी स्वतःचा नवा संघ उभा केला. गावच्या मोकळ्या मैदानावर खेळाडू निवडले, अगदी तळाच्या पायरीवरून सुरुवात केली, आणि २०११ साली मुख्य साखळीत पोचले. २०२० च्या नोव्हेंबरात प्लाऊ लेन या त्याच रस्त्यावर, जुन्या जागेपासून जवळच, त्यांनी स्वतःच्या मैदानावर पाऊल ठेवले.

पण मला या हकीकतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग निराळाच वाटतो. २००७ साली मिल्टन कीन्सच्या संघाने जुन्या संघाच्या चषकांवरचा आणि नोंदींवरचा आपला हक्क सोडला, आणि तो ठेवा विम्बल्डन ज्या मर्टन विभागात येते तिथल्या नगरपरिषदेच्या हवाली केला. म्हणजे संघ विकता येतो, हलविता येतो. पण १९८८ सालचा विजय कोणाचा, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर ‘त्या जागेच्या लोकांचा’ असे देता येते, हे तिथे मान्य झाले.

मग कॅलटेक्सचा १९५८ सालचा विजय कोणाचा? कॅलटेक्स आज आपल्याकडे नाही. जी सरकारी कंपनी तिची वारस, तिला त्या विजयाशी काय देणेघेणे? मुंबईच्या नगरपालिकेकडे तो ठेवा नेऊन द्यावा अशी मागणी कोणी कधी केली नाही. विम्बल्डनला एक उपनगर होते, तिथली मुले तिथेच वाढत होती. आपल्या कंपनीसंघांचे चाहते निवृत्त झाले की खोली सोडून गावी जात, कोणी आसगावला, कोणी मालवणला, कोणी इकडे खाडीकाठी. वर्गणी काढायला एका जागी उरलेच कोण! म्हणून कूपरेजची आठवण कूपरेजवर फारशी सापडत नाही. तिथे आता कृत्रिम हिरवळ आहे, मुलांचे सामने होतात, ते पाहून आनंदच वाटतो. आठवण सापडते ती अशी दूरदूरच्या पडव्यांतून, झोपाळ्यांवरून, आणि वर्षागणिक एकेक झोपाळा रिकामा होतो आहे.

चाहत्याच्या रडण्याला मी फारसे महत्त्व देत नाही. पण त्याच्या माहितीला देतो. कोणत्या साली कोण कोणत्या जागी खेळला, तिकीट किती होते, सामना सुटल्यावर गर्दी कोणत्या रस्त्याने जाई, पावसात सामना थांबला तर लोक कुठे उभे राहत, या गोष्टी कोणत्याही कंपनीच्या दप्तरात नाहीत. त्या ज्यांच्या डोक्यात आहेत त्यांच्याजवळ दुसरा पुरावा नाही.

सभा संपल्यावर मी अर्धा तास इथेच, कंदिलाजवळच्या बाकावर बसणार आहे. मुंबईच्या नोकरीत ज्यांनी कूपरेज पाहिले असेल, किंवा ज्यांच्या वडिलांनी, चुलत्यांनी पाहिले असेल, त्यांनी कृपा करून यावे. कंपनीसंघांतून हुतूतू खेळलेल्यांनीही यावे. वही मी बरोबर आणली आहे. साल नक्की आठवत नसेल तर लग्नाच्या आधी की नंतर एवढे सांगितले तरी चालेल.