बुलेटचे ‘हाफ इंजिन’ : तपासणी, मापे आणि जुळणी

रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० चे बिडाच्या सिलिंडरचे इंजिन हे मूळ ब्रिटिश आखणीचे. १९५५ पासून मद्रासमध्ये या गाडीची जुळणी सुरू झाली. पुढे सुटे भागही तिथेच बनू लागले आणि इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना बंद पडल्यावरही हे इंजिन भारतात कित्येक दशके तयार होत राहिले. त्याचा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी आणि क्षमता ३४६ सीसी. सिलिंडर बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. कॅम खाली असून तिथून पुशरॉड वर जातात आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. हेड, सिलिंडर, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एवढ्याच भागाची दुरुस्ती म्हणजे गॅरेजमधले ‘हाफ इंजिन’. हे काम पान्यांपेक्षा मापांवर अधिक अवलंबून असते.

इंजिन उघडण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवावे लागते. अ‍ॅक्सिलरेटर पिळताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा किंवा बोअर झिजल्याचा संशय घ्यावा. गाडी काही काळ उभी राहिल्यानंतर सुरू करताना तेवढाच धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड ढिले असण्याची शक्यता असते. मात्र बुलेटच्या बाबतीत तिसरेही एक कारण असते. ऑइलची टाकी क्रँककेसच्या ओतीवातच असल्याने उभ्या गाडीत ऑइल पाझरून क्रँकच्या कप्प्यात साठते आणि सुरुवातीला धूर होतो. ब्रीदर तुंबला असला तरी ऑइल वर चढते. या दोन्ही गोष्टी तपासल्याशिवाय हेडला हात लावू नये. कॉम्प्रेशन कमी भरल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ते वाढले तर गळती रिंगांतून होते आहे. न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या पॅकिंगमधून.

हेड नेहमी थंड इंजिनावर, नट आळीपाळीने थोडे थोडे ढिले करत काढावे. गरम अ‍ॅल्युमिनियम वाकते. त्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणल्यास दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि पुशरॉडवर ताण राहत नाही. रॉकरचे बेअरिंग ब्लॉक दोन अर्धुकांचे असतात. प्रत्येक जोडी एकत्र घासून बनवलेली असल्याने अर्धुकांची अदलाबदल करू नये. सिलिंडर उचलताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, नाहीतर सर्क्लिप किंवा रिंगेचा तुकडा आत पडून पुरे इंजिन उघडावे लागते.

सिलिंडर निघाला की कनेक्टिंग रॉड उभ्या दिशेने वर-खाली ओढून पाहावा. किंचित आडवी हालचाल चालते. उभा खेळ चालत नाही. तसा खेळ जाणवला तर बिग एंडचे काम आधी करावे, कारण नवा पिस्टन झिजलेल्या बिग एंडवर टिकत नाही.

बोअर सर्वत्र सारखा झिजत नाही. रिंगांच्या प्रवासाच्या वरच्या टोकाला उष्णता आणि वायूचा दाब सर्वाधिक, ऑइल मात्र सर्वांत कमी. म्हणून झीज तिथेच जास्त होते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन पुढच्या-मागच्या भिंतीवर दाबला जातो. परिणामी बोअर वर रुंद आणि किंचित लंबगोल होतो. त्यामुळे बोअर गेजने तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे. रिंगा पोहोचत नाहीत तो तळाचा भाग जवळजवळ मूळ मापाचा राहतो. तुलना त्याच्याशी करावी. झीज मर्यादेबाहेर असेल, तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. १ मिमी वाढीने क्षमता सुमारे ३५६ सीसी होते, म्हणजे ताकदीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

पिस्टन आधी हातात घ्यावा, त्याचे माप घ्यावे आणि मगच बोअरिंग करावे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. फट कमी ठेवल्यास गरम पिस्टन अडकतो, जास्त ठेवल्यास आवाज करतो. फटीचा आकडा पिस्टन बनवणाऱ्याचाच घ्यावा. होनिंगमुळे भिंतीवर उमटणाऱ्या तिरक्या जाळीदार रेषा ऑइल धरून ठेवतात. त्यानंतर सिलिंडर पांढऱ्या फडक्याला काळे लागेनासे होईपर्यंत गरम साबणाच्या पाण्याने धुवावा आणि लगेच ऑइल लावावे. होनिंगची कुरुंदाची पूड आत राहिली, तर नव्या रिंगा पहिल्या काही किलोमीटरमध्येच झिजतात.

हेडमध्ये कामाचा क्रम महत्त्वाचा. गाइड आधी बदलावे, सीट नंतर कापावी. कटरचा मध्य गाइडवरूनच ठरतो. सीटचा कोन ४५ अंश असतो. बारीक पेस्टने व्हॉल्व्ह घासल्यावर सीटवर अखंड, एकसारखे करडे कडे दिसले पाहिजे. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ते झिरपत नाही ना, हे पाहावे. देशभर २००० साली शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. शिसे मऊ सीटला वंगणासारखे जपत असे. म्हणून जुन्या हेडमध्ये एक्झॉस्टची सीट खोल गेली असल्यास कठीण धातूची सीट बसवून घेणे इष्ट.

जुळणीपूर्वी प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडांतली फट फिलर गेजने मोजावी. ७० मिमी बोअरला ढोबळमानाने ०.३ मिमी. रिंगांची तोंडे १२० अंशांच्या अंतराने ठेवावीत. सर्क्लिप नवेच वापरावेत. हेडचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळावेत. टॅपेट थंड इंजिनावर असे लावावेत की पुशरॉड बोटांनी फिरेल, पण वर-खाली हलणार नाही. टॅपेट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि त्याची कड जळते.

किक मारण्यापूर्वी रॉकरवर ऑइल ओतावे आणि इंजिन सुरू झाल्यावर तिथे ऑइल पोहोचते की नाही ते पाहावे. पहिले ५०० किमी गाडी ताशी ५० किमीच्या आत, एकाच वेगावर फार वेळ न ठेवता आणि उंच गिअरमध्ये इंजिन न दमवता चालवावी. त्यानंतर थंड इंजिनावर हेड पुन्हा आवळावे, टॅपेट तपासावेत आणि ऑइल बदलावे. नवे पॅकिंग दबल्याने टॅपेटची फट घटलेली असते. म्हणून आधी हेड आणि मग टॅपेट, हा क्रम मोडू नये.