पडदे रंगवणाऱ्यांचा इतिहास



आधुनिक कलेच्या इतिहासावर बोलण्यासाठी कोल्हापूर निवडण्यात यजमानांचा अभिमान आहेच. पण खरे कारण असे, की या इतिहासाची रूढ मांडणी इथे येऊन अडते. 1936 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आल्फ्रेड बार यांनी एक तक्ता केला. त्यात युरोपातले कलावाद एकातून एक फुटत खाली अमूर्ताकडे उतरतात. जपानी छापचित्रे आणि आफ्रिकी शिल्पे लाल चौकटींत आहेत. त्यांच्यापासून बाण निघतात, पण त्यांच्या कर्त्यांची नावे नाहीत. आपण त्या तक्त्यावर रागावतो आणि त्याचीच देशी प्रत गिरवतो: आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले अनुकरण, मग बंगालचे पुनरुज्जीवन आणि 1947च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपपासून खरी आधुनिकता.

या प्रतीत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना कुठे बसवायचे? त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, तैलचित्रे केली, शिल्पे घडवली, नात्यातले भाऊ आनंदराव यांच्या निधनानंतर कॅमेरा जुळवून पुरा केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. निव्वळ शैली पाहिली, तर ते वास्तववादी, म्हणून मागासलेले. पण कलावंत कोणासाठी, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या पैशावर काम करतो हे विचारले, तर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासाठी यंत्र हाती घेणारा हा माणूस पुरता आधुनिक ठरतो. 1894 साली छापखाना काढणारे चित्रकार रविवर्माही त्याच वाटेवरचे.

यावर आक्षेप येईल, की मग सगळेच आधुनिक ठरतील आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या सूझा, रझा, हुसेन यांचे बंड पुसट होईल. आक्षेप वजनदार आहे. ‘आमचाही पहिला’ असे म्हणत यादी लांबवण्यात अर्थ नाही, आणि आमच्या गावात ‘पहिला’ हा शब्द जरा सैलच वापरतात. बंड खरे होते. पण ते करणारे कुठे तयार झाले? हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून मुंबईत तगले. रझा नागपूरच्या आणि मुंबईच्या कलाशाळांत शिकले. ज्या व्यवसायांना आणि शाळांना आपण पूर्वपीठिका म्हणून दोन ओळींत गुंडाळतो, तिथेच या बंडाचे हात घडले.

मात्र माझा हा निकषही इथल्याच चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापाशी अडखळतो. कोल्हापूर दरबारचा आश्रय असलेले, इथल्या कोटितीर्थ तलावाच्या काठी एकांतात निसर्ग रंगवणारे आबालाल ना बाजाराचे, ना बंडाचे. त्यांना आधुनिक म्हणायचे ते कशाच्या आधारे, हे आपण या सत्रांतून ठरवावे अशी विनंती करतो.