लोणारचा वास आणि गाळातली लॉग फाइल

लोणारला गेलात तर तलाव जवळ आला हे आधी नाकाला कळतं. सडक्या अंड्यांचा वास. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाक दाबून फोटो काढले आणि सरळ वर आलो. नंतर हा वास कसला म्हणून वाचायला बसलो, तर दोन रात्री गेल्या.

तर बघा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे उल्काविवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही, फक्त वाफ होते. म्हणून ते खारट, पीएच 10च्या आसपास. त्यात स्पायरुलिनासारखं हिरवं शेवाळ मजेत वाढतं. (खरं तर ते शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहेत, उन्हावर जगणारे.)

हे मरतात आणि खाली जातात. वाटेतच दुसरे बॅक्टेरिया त्यांचा फडशा पाडतात. तळाशी ऑक्सिजन नाही, तिथे सल्फेट वापरून जगणारे बॅक्टेरिया कामाला लागतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तोच आपला वास! मग हे खाणारेही मरून गाळात जातात. उरतं थोडंच, पण हजारो वर्षं थरावर थर.

म्हणजे लॉग फाइलच की. संशोधकांनी तळातून सुमारे 10 मीटरचा गाळ उभा काढला, त्यात जवळपास 11 हजार वर्षं निघाली. वाचायचं कसं? कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर. शेवाळात प्रथिनं जास्त, म्हणून ते साधारण 10च्या खाली. झाडपाल्यात 20च्या वर. पण सडताना नायट्रोजन आधी निसटू शकतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर भरवसा नाही. जोडीला गेलुसाइटचे स्फटिक सापडले, जे पाणी फार आटलं की बनतात. त्यावरून सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीचा लांबलेला कोरडा काळ कळला.

मला काळजी सगळ्यात वरच्या थराची आहे. गावाचं सांडपाणी तलावात उतरत आलंय. म्हणजे आपल्या पिढीच्या ओळीत पाऊस किती आणि गटार किती, हे वेगळं काढणं अवघड.

जून 2020मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? सगळ्यांच्या स्टेटसला तेच. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले, मिठात राहणारे हॅलोआर्किया निघाले. नमुना थोडा वेळ न हलवता ठेवला, तर गुलाबी सगळं तळाला बसलं आणि वरचं पाणी नितळ झालं.