मुठीचे बळ आणि तळव्यातील गाठ

(वढू बुद्रुक येथील आरोग्य शिबिरात एका शल्यचिकित्सकांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या गावात तलवारीच्या मुठीचे मोल मी सांगण्याची गरज नाही. आज मी विळ्या-खुरप्याच्या मुठीविषयी बोलणार आहे. कष्टकऱ्याचा हात हेच त्याचे भांडवल असते.

चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, ही सहसा निरुपद्रवी असते. पाठीवर, मानेवर, खांद्यावर ती नेहमी आढळते. हाताच्या पंजात मात्र क्वचितच. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ‘मेदोज ग्रंथी’चे वर्णन केले आहे : स्निग्ध, मोठी, फारशी न दुखणारी, शरीराबरोबर वाढणारी व घटणारी. यातील अखेरचे निरीक्षण आजच्या अनुभवाशी जुळत नाही. वजन उतरले तरी लायपोमा सहसा विरत नाही. पूर्वजांच्या निरीक्षणशक्तीचा अभिमान जरूर बाळगावा. पण पुढे कळलेले सत्यही तितक्याच मोकळेपणाने स्वीकारावे.

तळव्याची त्वचा जाड व घट्ट असल्याने खोलवरची गाठ वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. तिचा दाब मनगटाजवळ मज्जातंतूवर पडला, की अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येतात. करंगळीच्या बाजूचा मज्जातंतू दबला तर करंगळी व अनामिका बधिर होतात. माझ्याकडे आलेली एक शेतकरी भगिनी हा वाताचा त्रास समजून वर्षभर तेल चोळत होती. खुरपे हातातून निसटू लागले, तेव्हा ती दवाखान्यात आली. काही जण तर बधिरपणा म्हणजे कुष्ठरोगच, या भीतीने तो लपवतात. कारण कोणतेही असो, लपवल्याने हानीच होते.

निदानासाठी प्रथम हाताने तपासणी व सोनोग्राफी करतात. गाठ खोल असेल तर एमआरआयमध्ये तिचा विस्तार आणि मज्जातंतूंशी असलेला संबंध दिसतो. गाठ 5 सेंटीमीटरहून मोठी असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा तिच्यात जाड पडदे दिसत असतील, तर कर्करोग नाही ना, याची खात्री करावी लागते. काही मुलांत चरबी मज्जातंतूतच भिनलेली असते. कधी जन्मतःच एखादे बोट जाड असते. अशी गाठ समूळ काढण्याचा अट्टहास केल्यास हाताची संवेदना व शक्ती जाऊ शकते. तेथे बहुधा मज्जातंतूवरील दाब मोकळा करणेच हिताचे ठरते.

लहान, वरवरच्या व त्रास न देणाऱ्या गाठीवर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. दाब देणारी गाठ मात्र काढावी. बहुधा केवळ हात बधिर करून, दंडाला पट्टा बांधून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवतात आणि भिंगातून पाहत मज्जातंतू व रक्तवाहिन्या जपून ती वेगळी करतात. काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासलीच पाहिजे. ती पूर्ण निघाल्यास पुन्हा क्वचितच उद्भवते.

म्हणून कोणाकडूनही गाठ दाबून, डागून वा घाईने चिरून घेऊ नका. आज घरी गेल्यावर दोन्ही तळवे शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला फुगवटा दिसला, मुंग्या येत असल्या किंवा पकड सैल झाली असेल, तर हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज सोडा. फार काळ दबलेल्या मज्जातंतूची शक्ती पूर्णपणे परत येईलच, असे नाही.